बटण दाबूनही बंद न होणारे चेनसॉ

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, आजरा भागात रस्त्यावर आडवी पडलेली झाडे हटवायला चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) लागतात. त्यातल्या काहींचे बंद करायचे बटण निकामी असते आणि इंजिनची हवा अडवणारा चोक ओढून दिवस ढकलला जातो. हे फार धोक्याचे आहे. चोकने इंजिन गुदमरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात नको ते घडते.

घरातले बटण वीज तोडते, चेनसॉचे नेमके उलटे. ते बंद केले की ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलकडून आलेली बारीक वायर इंजिनच्या बॉडीला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. म्हणून ही वायर तुटली की मशीन चालूच राहते. (तीच सोलून बॉडीला चिकटली, तर मशीन सुरूच होत नाही.)

चालू मशीन थांबत नसेल तर आधी ॲक्सिलरेटर सोडा, पुढचा हँडगार्ड ढकलून साखळीचा ब्रेक लावा, मगच चोक पूर्ण ओढा. स्पार्क प्लगची कॅप हाताने उपटू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

इंजिन गार झाल्यावर कॅप काढून ठेवा आणि वरचे कव्हर उघडा. कॉइलवरची क्लिप बहुधा थरथरीने निसटलेली असते. ती जागेवर असेल तर काढा आणि मल्टिमीटर बीपवर (जोडणी तपासायच्या सेटिंगवर) ठेवून त्याची एक पिन वायरच्या टोकाला, दुसरी सिलिंडरच्या उघड्या धातूला लावा. बटण बंद असताना बीप वाजला पाहिजे, चालू केल्यावर थांबला पाहिजे. बंद असताना वाजत नसेल तर बटणाच्या पत्त्या पाहा. तेलात भिजलेला भुसा तिथे घट्ट बसतो. ब्रशने साफ करा, पत्ती ढिली असेल तर बटण बदला. अर्थिंगच्या स्क्रूखालचा गंजही घासून काढा. हँडल रबरी बुशवर असते, त्यामुळे अर्थची वायर तुटली की पुढचे सगळे ठीक असूनही उपयोग नाही.

बीप बरोबर येतो, तरी बटण बंद केल्यावर इंजिन अडखळत चालत राहते? मग ते जास्त तापले आहे. कार्बन साचलेला असतो, प्लग चुकीच्या नंबरचा असतो किंवा इंजिनच्या सीलमधून हवा शिरून मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते). हवा शिरत असेल तर ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन पळत राहते. असे मशीन वापरू नका, पिस्टन जाईल. प्लगची गॅप साधारण 0.5 मि.मी. ठेवा. मशीनच्या पुस्तकात पेट्रोल-ऑइलचे प्रमाण 50:1 लिहिले असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मि.ली. टू-स्ट्रोक ऑइल घाला.

रोज पहिल्यांदा मशीन सुरू केल्यावर, लाकडाला लावण्याआधी, एकदा बटण दाबून बंद होते का ते बघा. नाही झाले तर त्या दिवशी ते मशीन बाजूला ठेवा.

– चेनसॉ दुरुस्ती करणारे कारागीर, कोल्हापूर