फोनवर बोलता आलं नाही म्हणून

खानापूर, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तू हसत हसत सांगितलंस, ट्रंपेट वाजवून ओठ जरा सुजलाय, अर्ध्या तासात दम जातोय. आई शेजारीच होती, म्हणून मी गप्प बसलो. तू पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकतोस, तिथले मास्तर मोठे. मी वरातीत वाजवणारा माणूस. तरी लिहितो.

वरचा सूर लागेना झाला की हात आपोआप माउथपीस ओठावर दाबतो. त्या वेळेपुरता सूर लागतो. पण दाबानं ओठातलं रक्त अडतं, दमलेला स्नायू आणखी दमतो आणि मग आणखी दाबावं लागतं. दुपारी बैलसुद्धा आपण जुवातून सोडतो की! जेवढा वेळ वाजवशील तेवढा वेळ ट्रंपेट खाली ठेव. त्या वेळात नुसती बोटं व्हॉल्व्हवर चालवून चाल पाठ कर. सकाळी थंडीत एकदम वर जाऊ नको. खालचे सूर, लांब आणि हळू. हळू वाजवूनच ताकद येते, जोरात फुंकणाऱ्यांना ते पटत नाही. माउथपीस आधी खिशात ठेवून गरम कर. आणि सूज असेल त्या दिवशी मास्तरांना स्पष्ट सांग, लाजू नको.

बघ, खुशाली विचारायला बसलो आणि शिकवणी सुरू केली. राग मानू नको.

थोरल्या काकांना तू उमेदीत ऐकलंच नाहीस. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथापुढं पहाटेपर्यंत वाजवायचे. लोक "आणि एक, आणि एक" म्हणायचे, काकांना नाही म्हणता यायचं नाही. एका विसर्जनाला कपिलेश्वर तलाव यायच्या आधीच ओठातून रक्त आलं. पुढं झांज धरली आणि ट्रंपेट तुझ्या वाट्याला आलं. अमेरिकेतल्या लुई आर्मस्ट्राँगएवढ्या मोठ्या ट्रंपेटवाल्याचाही ओठ फाटलेला. १९३४ साली त्याला काही महिने वाजवणं बंद ठेवावं लागलं. काकांना कुणी थांबवलंच नाही.

लहानपणी कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकू आला की माझ्या सायकलवरून उडी मारायचास. आता वर्दीतला तुझा फोटो आई गल्लीभर दाखवतेय. मीही दाखवतो, ती नसली की.

परेडमध्ये एखादा सूर सुटला तर सुटू दे, बाजूचे सांभाळतील. दाबू मात्र नको. ओठाचा फोटो पाठव, पण माझ्या फोनवर.

तुझे आप्पा