मॅनेजर ठेवायच्या आधी रिपोर्ट उघडून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

गोव्यातल्या लहान दुकानदारांनी ऑनलाइन विकावं असं हल्ली सगळेच सांगतात, बरोबरच आहे, पण त्याच्या पुढच्या खर्चाबद्दल कोण बोलत नाही म्हणून हे पत्र. वेबसाइट झाली, काजूगर नि बेबिंका कुरिअरने पुण्या-मुंबईला जायला लागले की कोणतरी येतोच, पात्रांव (म्हणजे शेठ), अ‍ॅफिलिएट प्रोग्राम सुरू करा आणि तो सांभाळायला मॅनेजर ठेवा. मी फोंड्यात काही दुकानांचे हिशेब बघतो, आणि हा प्रश्न आता माझ्याकडेच यायला लागलाय, ठेवू काय नको.

अ‍ॅफिलिएट म्हणजे आपल्याला नवीन काय नाही. टॅक्सीवाला टुरिस्टाला काजूच्या दुकानात आणून सोडतो आणि खरेदीवर कमिशन घेतो, तेच इंटरनेटवर. ब्लॉगवाला किंवा रील करणारी मुलगी आपली लिंक टाकते, तिच्यावरून ऑर्डर आली की टक्का तिचा. अ‍ॅमेझॉन हे १९९६ पासून करतंय.

आता साधा हिशेब. धरा लिंकांवरून महिन्याला ६० हजारांची विक्री होते, माल, पॅकिंग, कुरिअर जाऊन हातात राहतात २५ टक्के म्हणजे १५ हजार, त्यातून ८ टक्के कमिशन ४,८०० गेलं, उरले १०,२००. यावर २० हजारांचा मॅनेजर ठेवला तर दर महिन्याला घरचे पैसे घालून प्रोग्राम चालवायचा. हीच विक्री ३ लाखांवर गेली तर उरतात ५१ हजार, तिथे पगार परवडतो. मॅनेजर विकायला येणारा माणूस हा दुसरा आकडा दाखवतो आणि दुकानदार पहिल्यावर उभा असतो. "मॅनेजर आला की ३ लाख होतील" म्हणतात, होतीलही, पण किती महिन्यांत ते कोण लिहून देत नाही.

त्यापेक्षा मोठी गोम वेगळीच आहे. माझ्या मावसभावाच्या दुकानाला एका एजन्सीने असा मॅनेजर दिला होता, त्याला ठरावीक पैसे आणि वर अ‍ॅफिलिएट विक्रीवर टक्का. विक्री झपाट्याने वाढली, सगळे खूश, पण बँकेत त्या मानाने काय येईना. रिपोर्ट उघडून बसलो तर बहुतेक ऑर्डरी एकाच कुपन साइटच्या (सवलतीचे कोड देणाऱ्या वेबसाइटच्या) नावावर, आणि लिंकवर क्लिक केल्यापासून पैसे भरेपर्यंत वेळ जेमतेम मिनिटभर. मिनिटभरात कोण काजूचे प्रकार बघून, पत्ता टाकून पैसे भरतो? गिऱ्हाईक आधीच आमच्या साइटवर कार्ट भरून बसलेलं, शेवटी कुपनचा रकाना दिसला म्हणून गूगलवर दुकानाचं नाव आणि कुपन असं टाकलं, त्या साइटवर क्लिक केलं आणि परत आलं. बहुतेक प्रोग्रामात शेवटच्या क्लिकलाच कमिशन मिळतं. म्हणजे टॅक्सीवाला दुकानाच्या दारात उभा राहून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला बोट लावतो आणि हा मी आणला म्हणतो, तसं. वर त्यात कुपनची सूटही आमच्याच खिशातून.

मॅनेजरला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही, पण त्याचा टक्का त्याच विक्रीवर होता, तो कशाला पकडेल? म्हणून माझं म्हणणं, मॅनेजर ठेवायचाच तर टक्का एकूण विक्रीवर देऊच नका, पहिल्यांदाच घेणाऱ्या गिऱ्हाइकावर द्या, आणि तोही रिटर्नची मुदत संपल्यावर. हे ऐकून जो नाक मुरडतो त्याला तिथूनच निरोप द्या.

खरं तर सुरुवातीला काम असतं किती? आलेले अर्ज बघायचे, खोटी अकाऊंटं नाकारायची, फोटो-माहिती पुरवायची, कमिशन वेळेवर द्यायचं. अ‍ॅफिलिएट डझनभर असतील, त्यातले दोन-तीनच खरे विकतात, तर हे घरातल्या कॉमर्स शिकणाऱ्या भुरग्याला आठवड्यातून एक दुपार देऊन जमतं. अर्ज साचायला लागले, विचारणाऱ्यांना आठवडाभर उत्तर जात नाही, पैसे थकतायत म्हणून चांगले लोक सोडून जातायत, असं झालं की मग माणूस बघा, तोही आधी अर्धवेळ.

मॅनेजर असो वा नसो, दोन गोष्टी मालकाच्याच गळ्यात राहतात. लिंक टाकणाऱ्याने आपल्याला कमिशन मिळतं हे स्पष्ट लिहायला हवं, केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या नियमांत ते आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरं, आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर असेल तर एकाला वर्षात २० हजारांवर कमिशन गेल्यावर २ टक्के टीडीएस कापावा लागतो, इथे बरेच जण गाफील आहेत. (फेणीवाल्यांनी तर या फंदात पडूच नये, २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तरी दारूची जाहिरात ती दारूचीच जाहिरात.)

आणि प्रोग्रामचं लॉगिन स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मावसभावाने त्या एजन्सीला नको म्हटल्यावर अ‍ॅफिलिएटांची यादी मिळवायलाच महिना गेला, कारण खातंच त्यांच्या नावावर होतं.

आपला,
एक वाचक, फोंडा