शब्दाची आधी जन्मतारीख बघ

यॉर्क, इंग्लंड

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या वार्षिकासाठी जमवलेली इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांची तुझी यादी वाचली. लेख द्यायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. ‘पॉश’ आणि ‘बॉम्बे डक’ या दोन्ही कथा काढून टाक. ‘डूलाली’ मात्र ठेव. नाशिकच्या मुलीने तीच सविस्तर लिहायला हवी.

‘पॉश’ची कथा अशी सांगतात: मुंबईच्या बोटीवर श्रीमंत गोरे लोक येताना डाव्या बाजूची केबिन घेत आणि परतताना उजव्या, कारण तिकडे ऊन कमी. तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं मारत, त्यातून शब्द झाला. असं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही. शब्द छापील मजकुरात दिसतो तो 1914 च्या आसपास, आणि ही कथा दिसते त्यानंतर वीसेक वर्षांनी. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द करायची पद्धत इंग्रजीत पहिल्या महायुद्धाच्या आधी जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे कुठल्याही जुन्या शब्दाची आद्याक्षरांची गोष्ट कुणी सांगितली की आधी शंका घे.

‘बॉम्बे डक’ म्हणजे आपला सुका बोंबील. त्याच्या वासाने दरवळणाऱ्या डाकगाडीवरून ‘बॉम्बे डाक’, मग ‘डक’, ही कथा तारखेलाच गळते. मुंबई-ठाणे गाडी 1853 ची, आणि ‘बॉम्बे डक’ त्याच्या आधीपासून छापात आहे.

आता देवळाली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना तिथल्या छावणीत आणून ठेवत. मायदेशी नेणाऱ्या सैन्याच्या बोटी वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच सुटत. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने बसून राहायचं, काम नाही, वर उन्हाळा. त्या अवस्थेला सैनिक ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. ‘टॅप’ म्हणजे आपला तापच, हिंदुस्थानी बोलीतून उचललेला. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकी बोलीचे कोश निघाले, त्यात हा शब्द आहे. पुढे ‘टॅप’ गळून नुसतं ‘डूलाली’ उरलं, आणि आजही इथे डोकं फिरलेल्या माणसाला तसं म्हणतात. ही कथा टिकते कशामुळे ते बघ: गाव खरं, शब्द वाहून नेणारी माणसं माहीत, काळ जुळतो, आणि अर्थ एकेका पायरीने बदललेला दिसतो.

अर्थाच्या या पायऱ्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. इथल्या ‘शॅम्बल्स’ नावाच्या गल्लीचंच घे. मूळ जुना इंग्रजी शब्द ‘शॅमेल’, म्हणजे बसायचा बाक, आणि तो लॅटिनमधून आलेला. बाकाचं झालं माल मांडायचं फळकूट, मग खाटकाचं फळकूट, मग मटणबाजार. त्यावरून कत्तलखाना, त्यावरून रक्तपाताची जागा, आणि अगदी अलीकडे, विसाव्या शतकात, नुसता पसारा. एकही पायरी वगळलीस तर ‘बाक’ आणि ‘पसारा’ यांचा संबंध कुणाला पटणार नाही. म्हणून लेखात मूळ आणि आजचा अर्थ एवढंच देऊ नकोस, मधले टप्पे क्रमाने दे.

याच शहरात ‘कॉपरगेट’ आहे. त्यात तांबंही नाही आणि फाटकही नाही. व्हायकिंगांनी 866 मध्ये यॉर्क घेतलं, आणि त्यांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. ‘कॉपर’ म्हणजे लाकडी पेले घडवणारे, त्यांची ती आळी. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावला की असं फसायला होतं, म्हणून शब्दाचं सगळ्यात जुनं रूप शोधायचंच.

ते शोधायचं कुठे? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली उतारे तारखेच्या क्रमाने असतात. व्युत्पत्ती नंतर वाच, आधी पहिला उतारा आणि त्याचं साल वहीत उतरव. तो कोश पैसे भरून मिळतो, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बघता येतो का विचार. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश आणि त्याआधीच्या काळासाठी बॉसवर्थ-टॉलर, हे दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये स्वतः शोधणार असशील तर सांभाळ. 1800 च्या आधीच्या छपाईत लांब ‘एस’ असतो, संगणक तो ‘एफ’ वाचतो आणि ‘सेल’चा ‘फेल’ करतो. मासिकांच्या बाबतीत तर बऱ्याचदा अंकाच्या सालाच्या जागी मासिक सुरू झालं ते साल दाखवलं जातं; मुखपृष्ठ उघडून खात्री केल्याशिवाय तारीख धरू नकोस. ‘यी ओल्ड’ अशा पाट्यांमधला ‘वाय’ही फसवा: ते ‘थॉर्न’ हे ‘थ’चं जुनं अक्षर, छापणाऱ्यांनी त्याच्या जागी ‘वाय’ बसवला. वाचायचं ‘द’ असंच.

‘ऑरेंज’ आणि ‘एप्रन’ तू एकाच ओळीत टाकलेत, ते वेगळे कर. ‘अ नेप्रन’चं ‘अॅन एप्रन’ इंग्रजीतच झालं. ‘नारंग’ मात्र संस्कृतातून फारसी, अरबी करत युरोपात गेला आणि त्यातला ‘न’ इंग्रजीत पोचायच्या आधीच गळला होता. ‘मुंगूस’ही यादीत घाल. इंग्रजी ‘मंगूस’ आपल्या मराठीवरून आहे, आणि ‘गूस’शी नातं नसल्यामुळे त्याचं अनेकवचन ‘मंगीज’ होत नाही.

कोशांनाही डोळे झाकून मानू नकोस. वेब्स्टरच्या 1934 च्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठीवर होतं ‘डी ऑर डी’, म्हणजे घनतेसाठी मोठं किंवा छोटं ‘डी’ अक्षर वापरतात एवढीच टीप. ती संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. चूक 1939 मध्ये लक्षात आली. म्हणून एका कोशात सापडलेला, पण एकही उतारा नसलेला शब्द लेखात घेऊ नकोस.

खर्डा झाला की पाठव, प्रत्येक शब्दापुढे पहिल्या उताऱ्याचं साल लिहून. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या