सात किलो कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला यकृतावरचा लेख वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. 'यकृताचा कडकपणा ७ किलोच्या आत असेल तर निश्चिंत राहा', असे आपण छापले आहे. मोठ्या माणसाचे अख्खे यकृत दीड किलोच्या आसपास भरते. मग हे सात किलो कशाचे? शब्द 'किलोपास्कल' आहे. पास्कल हे दाबाचे एकक, कडकपणाही त्यातच मोजतात. ते गाळले की उरतो तो भाजीबाजार. मी ३१ वर्षे वैधमापन खात्यात काटे तपासले, म्हणून एकक गळाले की मला जेवण गोड लागत नाही. माझा दोष समजा.

पण तो मुद्राराक्षस म्हणून सोडून देतो. राग आला तो 'अचूक' या शब्दाचा. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीला तो लेखात चार वेळा लावला आहे. मोजला.

फेब्रुवारीत आमच्या वस्तीतल्या समाजभवनात याच तपासणीचे मोफत शिबिर झाले. कुणाचे ते लिहीत नाही. हेतू चांगला होता आणि पोहेही चांगले होते. हो, पोहे. नावनोंदणीच्या टेबलाला लागूनच पोह्यांचे टेबल. सकाळचे साडेआठ, समोर तर्री, वर चणे आणि चिरलेला कांदा. नागपूरचा माणूस नाही म्हणेल काय? मी दोन प्लेटा खाल्ल्या, वरून चहा घेतला. वीसेक मिनिटांत माझा नंबर लागला.

उजवा हात डोक्याखाली, शर्ट वर, फासळ्यांमध्ये गार जेल. मुलाने प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगाला लावायचा दांडा, टेकवला आणि आत कुणी टिचकी मारावी तसे टक् झाले. 'काका, जोरात श्वास घ्या, रोखून धरा बरं!' मी छाती फुगवून रोखला. टक्. 'सोडा. पुन्हा घ्या.' टक्. मागे रांग दारापर्यंत गेलेली, बाहेरून कुणीतरी 'लवकर करा ना भाऊ' म्हणत होते. सात टिचक्या झाल्यावर 'झालं काका' म्हणून त्याने माझ्या हातात कार्ड दिले. त्यावर एकच आकडा होता, ९.६. आणि लाल पेनाने गोल.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात काय झाले ते पुरवणीत येत नसते. टेबलावरच्या बाईंनी 'दारू किती?' असे विचारले, घेता का असे नव्हे. घरात तेल बंद झाले. पुण्याहून मुलाचे दिवसातून तीन फोन. शेजारचे गृहस्थ म्हणाले, 'काका, तुम्ही घेत नाही म्हणता, मग हे काऊन झालं?' त्यातला 'म्हणता' मला अजून टोचतो. मी सुपारीसुद्धा खात नाही.

मग धंतोलीतल्या एका केंद्रात वेळ घेतली. त्यांनी फोनवरच बजावले की किमान तीन तास पोटात काही नको. मी म्हटले, का हो? तिकडच्या बाई समजावणाऱ्या निघाल्या. जेवण झाले की आतड्यांकडून यकृतात जाणाऱ्या शिरेतला रक्तप्रवाह वाढतो. यकृताभोवतीचे आवरण काही रबराचे नाही, त्यामुळे आतून भरलेले यकृत तेवढ्यापुरते ताठ होते आणि यंत्र ते ताठपण इमानदारीने मोजते. म्हणजे शिबिरात माझ्या यकृताबरोबर दोन प्लेट पोहेही मोजले गेले.

तिथे गेल्यावर त्यांनी आधी सोनोग्राफीने कातडीपासून यकृतापर्यंतचे अंतर पाहिले. २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा प्रोब लागतो, नाहीतर आकडा फुगण्याची शक्यता असते. माझे पोट पाहता मोजायची गरज नव्हती, पण त्यांनी मोजले आणि मोठा प्रोब घेतला. शिबिरात एकच प्रोब होता, सगळ्यांना तोच. श्वासाबद्दल म्हणाल्या, 'नेहमीसारखा घ्या, मी सांगेन तेव्हा क्षणभर थांबा, छाती फुगवू नका.' खोल श्वास रोखला की रक्त यकृतात तुंबते आणि आकडा वर जातो. दहा रीडिंग झाली. अहवालावर मध्यक, म्हणजे रीडिंग चढत्या क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा, ६.१ आणि त्याच्या शेजारी मधल्या निम्म्या रीडिंगचा पसारा, मध्यकाच्या १४ टक्के. हा पसारा ३० टक्क्यांच्या वर गेला तर आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो. माझ्या शिबिराच्या कार्डावर पसारा नव्हताच. त्या सात टिचक्या एकमेकींशी जुळत होत्या की भांडत होत्या, कुणास ठाऊक.

सौभाग्यवतींचे म्हणणे असे की ९.६ चे ६.१ तेल बंद केल्यामुळे झाले. मी वाद घालत नाही. पोह्यांचे किती, श्वासाचे किती आणि प्रोबचे किती, हा हिशेब आता लागायचा नाही. दोन्हीकडे यंत्र मात्र एकाच कंपनीचे होते, ते मी आधी विचारून घेतले. कारण एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवून 'वाढला', 'कमी झाला' म्हणता येत नाही. आपल्या लेखात या वाक्याला जागा मिळाली नाही. मात्र त्याच पानावर तपासणी केंद्राच्या जाहिरातीला पाव पान मिळाले आहे.

कृपा करून मी यंत्राच्या विरोधात आहे असे छापू नका. यंत्र मला आवडले. टिचकीने निघालेली लहर यकृतातून किती वेगाने धावते ते ते पाहते. कडक असेल तिथे लहर जोरात पळते. सेकंदाला १.३ मीटर वेग असला तर सुमारे ५ किलोपास्कल, १.७ असला तर ९ च्या जवळ, २.१ असला तर १३. वेगाचा वर्ग करून आकडा निघतो, म्हणून वेगात जराशी चूक झाली की ती आकड्यात जवळपास दुप्पट होऊन बसते. एवढ्या नाजूक काट्याला शिबिराच्या गर्दीत, पोह्यांच्या वासात, बाहेरचे 'लवकर करा ना' ऐकत वापरायचे आणि वर 'अचूक' म्हणायचे!

इतवारीत सराफाच्या दुकानी तपासणीला गेलो की मी आधी पंखा बंद करायला लावायचो. सराफ कुरकुरायचे, मे महिन्यात तर फारच. पण पंख्याच्या वाऱ्याने ताटली हलते. अशा वेळी काटा खोटा नसतो, त्याला हवा लागलेली असते. मग एकच वजन ताटलीच्या मधोमध ठेवायचे, नंतर कोपऱ्यांवर, आणि तेच पुन्हा पुन्हा. दरवेळी वेगळे दाखवले तर मुद्रांकन, म्हणजे खात्याचा शिक्का, नाही, मग दुकान कितीही मोठे असो. सोन्याच्या बाबतीत हे सगळ्यांना पटते.

शिबिरात माझ्या पुढे रांगेत एक तरुण मुलगा होता, डोळे अजून पिवळसर, कावीळ नुकतीच उतरत आलेली. त्यालाही झोपवले, टिचक्या मारल्या आणि लाल गोल करून दिला. यकृताला सूज असली किंवा पित्ताची वाट अडली असली की कडकपणा वाढलेलाच येतो. हृदय दमल्यामुळे रक्त मागे तुंबले तरी तसेच. तो कडकपणा यकृतावर पडलेल्या कायमच्या वणांचा नव्हे. कावीळ असताना हे माप घेऊन यकृत कायमचे गेले म्हणणे म्हणजे भरलेला ट्रक तोलून ट्रकच जड आहे म्हणण्यासारखे. त्याची आई बाहेर ओट्यावर बसून रडत होती. तिला 'सूज उतरू द्या, मग पुन्हा बघू' एवढे कुणी सांगितले असते तर? मीही सांगितले नाही. तेव्हा मला तरी कुठे माहीत होते.

तेव्हा पुन्हा लेख छापाल तेव्हा वाचकांना एवढे तरी सांगा, की उपाशीपोटी जा, किती रीडिंग घेतली ते विचारा आणि पसारा छापलेला नसेल तर मागून घ्या. आणि किलोच्या पुढे पास्कल लावा.

जाता जाता. गेल्या पावसाळ्यात मी पेट्रोल पंपावरच्या मापाबद्दल आपल्याला पत्र लिहिले होते. त्यात होते की ग्राहक ५ लिटरचे माप मागून घेऊन खात्री करू शकतो, आणि ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तूट नियमात बसते, त्याच्या वर गेली तर तक्रार करावी. आपण जागेअभावी 'नियमात बसते' पासून पुढचे कापले. छापून आले ते '५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तूट' आणि खाली माझे नाव. तेव्हापासून आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावरचा मुलगा माझ्या स्कूटरच्या चाकात हवा भरत नाही. या वेळी कापायचेच झाले तर पोह्यांचे कापा आणि नाव छापू नका.

आपला,
एक निवृत्त वैधमापन निरीक्षक,
प्रतापनगर, नागपूर