लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी माणसांची वर्दळ असताना दहा महिन्यांच्या नातवाने जमिनीवर पडलेली खोबऱ्याची कातळी तोंडात घातली. तो आधी खोकला आणि मग एकदम गप्प झाला. कोणी पाणी आणायला धावले, कोणी घशात बोट घालू लागले, तर कोणी त्याला पाय धरून उलटा करा म्हणून ओरडू लागले. सुदैवाने परिचारिका असलेली माझी पुतणी घरात होती. तिने बाळाला हातावर पालथे घेतले, डोके खाली ठेवून जबडा बोटांनी सावरला आणि तळहाताच्या मुळाने दोन्ही खांद्यांच्या मधोमध थापा मारल्या. चौथ्या थापेला कातळी बाहेर पडली आणि मूल रडले.

तिने नंतर जे सांगितले, ते आम्हा वडीलधाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मूल जोराने खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. खरा धोका आवाज बंद होण्यात असतो. न दिसणारी वस्तू काढण्यासाठी बोट घातल्यास ती आणखी आत सरकते. पाच थापांनी भागले नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब द्यायचे. पोटावरचा दाब एक वर्षाच्या आतील बाळाला देत नाहीत. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि १०८ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातील एखाद्या वाड्यावर ती तेवढ्या वेळात पोहोचेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

भाजल्याच्या बाबतीतही तेच. आपण अजून टूथपेस्ट शोधतो, जेव्हा करायचे एवढेच असते की भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा (नळ कोरडा असेल, तर बालदीतले पाणी तांब्याने ओतत राहायचे).

मूल बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर तीस दाब आणि दोन श्वास हे चक्र सुरू करावे लागते. तान्ह्या बाळाच्या छातीवरील दाब सुमारे चार सेंटिमीटर खोल जावा लागतो, आणि चार सेंटिमीटर म्हणजे नेमके किती, हे मोबाईलवरच्या चित्रफितीतून हाताला कळत नाही.

म्हणून आरोग्य खात्याला एक सूचना करावीशी वाटते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीसाठी पालक आरोग्य केंद्रात येतातच आणि लस टोचल्यावर त्यांना अर्धा तास थांबवून घेतले जाते. त्या वेळात परिचारिकेने सरावाच्या बाहुलीवर हे दाखवावे आणि प्रत्येकाकडून करून घ्यावे. बाळासोबत बहुधा आईच येते. वडिलांना आणि दिवसभर मूल सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही निदान एका खेपेला आवर्जून बोलवावे. आमच्या घरी पुतणीने उशी घेऊन सर्वांकडून सराव करून घेतला, तेव्हा पाय धरून उलटा करा म्हणणारे आमचे यजमान सर्वांत आधी बसले होते.

आपली नम्र,
एक आजी, फोंडा