वालय टाकू नकोस रे

प्रिय मंग्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी इथे बेनिनमध्ये कोटोनूच्या दांतोक्पा बाजारात उभा होतो, पुढ्यात तांदळाच्या गोण्यांची थप्पी आणि गोण्यांवर काकीनाडा छापलेलं. आपलाच तांदूळ खातात रे इथे, निम्मा तर पुढे नायजेरियात जातो म्हणतात. आणि तू लिहितोस की यंदा आपलं जुनं वालय भात बंद, लोळतं, उतारा नाही, सगळीकडे संकरितच लावणार. तेव्हापासून डोक्यात तेच आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

इथल्या लोकांचं स्वतःचं भात आहे हे मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हतं. ओरायझा ग्लाबेरिमा, आपल्या भाताहून जातच वेगळी, नायजर नदीच्या खोऱ्यात 3000 वर्षांपासून पिकवतात. पानं रुंद, सुरुवातीलाच अशी पसरतात की खाली तण उठत नाही. पण पिकलं की दाणे झडतात आणि रोप लोळतं, तुझ्या वालयची तक्रार तीच ना? म्हणून लोकांनी ते मागे टाकून आशियातलं भात धरलं.

मग 1990 च्या दशकात आयव्हरी कोस्टात बुआकेजवळ सिएरा लिओनच्या माँटी जोन्स यांनी आणि त्यांच्या टीमने दोन्हींचा संकर करायला घेतला. संकर वांझ निघायचे, तर कोवळ्या दाण्यातला गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवायचा, पुन्हा आशियाई भाताशी संकर, असं वर्षानुवर्षं. त्यातून नेरिका हे नवं भात आलं, आणि 2004 ला जोन्सना जागतिक अन्न पुरस्कार, चीनच्या युआन लाँगपिंग यांच्यासोबत. जोन्सची संस्था, आताची आफ्रिकाराईस, पश्चिम आफ्रिकेतल्या 11 देशांनी 1970 च्या सुमारास मिळून काढलेली, पैसा जपानचा, संयुक्त राष्ट्रांचा, आणखी कुणाकुणाचा, पण आफ्रिकेकडचा वाण कुठला तर सेनेगलच्या कासामान्सचा, सीजी 14. तो कुणीतरी जपून ठेवला होता म्हणून हे सगळं झालं, मला तरी यातलं सगळ्यात मोठं तेच वाटतं.

आणि वाण निवडायला शेतकऱ्यांनाच बोलावलं. बायकांनी उंच रोपं पसंत केली, का तर पाठीवर पोर बांधलेलं असताना कापणीला वाकावं लागत नाही! हे प्रयोगशाळेत बसून कुणाला सुचलं असतं सांग. सगळं गोड झालं असंही नाही हं, चांगलं बियाणं वेळेवर मिळालं नाही की कसलं नेरिका नि कसलं काय. त्यात 2002 ला तिकडे यादवी पेटली, संस्था नंतर इथे कोटोनूत आली आणि 2015 ला परत आयव्हरी कोस्टात गेली. एवढ्या पळापळीतही काम थांबलं नाही.

गेल्या महिन्यात काजूच्या कामाला ग्लाझुएकडे गेलो होतो. तिथल्या बायका भात उकडतात, अगदी आपल्यासारखंच, आधी भिजवायचं मग उकडायचं. पूर्वी भांड्यातल्या पाण्यातच शिजायचं, तळाला लागायचं. आता कॅनडाच्या मदतीच्या प्रकल्पातून आफ्रिकाराईसवाल्यांनी स्टीलची भांडी बनवलीत, खाली पाणी, वर भात, नुसत्या वाफेवर. एका मावशीने झाकण काढलं आणि जो वास आला ना मंग्या, डोळे मिटले तर काकींच्या चुलीपाशी बसलोय, पेज निवतेय आणि तू खारातली मिरची एकटाच संपवतोयस. मावशीने मूठभर हातावर ठेवलं, दाणा तुटलेला नाही, किंचित पिवळसर. भाषा कळेना, पण तिने बोटांत दाणा दाबून दाखवला, काकी दाखवतात तस्साच.

म्हणून सांगतो, संकरित लाव, पोटाचा प्रश्न आहे, मी नको म्हणणार नाही. पण वहाळाकडचा तो कोपरा वालयलाच ठेव. लोंब्या काकींना निवडू दे, त्यांची नजर आहे. आणि पायलीभर बियाणं नीट वाळवून वेगळं बांध, मे महिन्यात आलो की आधी तेच बघणार आहे.

तुझा,
दिन्या