पन्नास पैसे शोधून देणाऱ्या ताईंना

ताई,

हे पत्र खरं तर तुम्हाला एकटीला पाठवायचं होतं. पण आभार मानायला लागलं की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून फोन ठेवता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं ते हिशेबाचं सॉफ्टवेअर मी कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या लिहिलेलं. काट्यावरच्या वजनाची पावती आत, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या पैशांचा हिशेब, बाहेर. भाषा पायथन २.७, आणि तिच्यावर वेब सॉफ्टवेअर उभारायचा तयार सांगाडा जँगो १.८. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० ला संपला हे ठाऊक होतं, पण चालतंय तोवर हात कशाला लावा, असं म्हणत वर्षं काढली. मग सर्व्हर बदलायची वेळ आली आणि नव्या मशीनवर पायथन २ नव्हतंच.

मी काय शहाणपणा केला, तर कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती लागते ते लिहिलेल्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमधले सगळे आकडे पुसून एकदम ताजं ते बसवलं. स्क्रीनभर लाल! एक चूक काढली की दोन वर. मे महिना, कुलर गरम हवा फेकतोय, आणि शेठचा दर तासाला फोन. मित्राच्या ओळखीनं तुम्हाला फोन लावला तेव्हा तुम्ही मूळच्या अमळनेरच्या आणि राहता पुण्यात, एवढंच माहीत होतं. "काय व्हयनं रे भाऊ?" असं तुम्ही विचारलंत आणि माझं अर्धं टेन्शन तिथेच उतरलं.

दुसरा प्रश्न होता, "जुनं अजून चालतंय ना? मग आधी त्याची जबानी घे." मागच्या हंगामातल्या ३१२ पट्ट्या जुन्या सर्व्हरवर पुन्हा काढून जपून ठेवायला लावल्यात. मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता, आता कबूल करतो. मग जँगो १.८ वरून १.११, तेही पायथन २ वरच. १.११ दोन्ही पायथनवर चालतं, म्हणून भाषा तिथेच बदलायची. पुढे २.२, ३.२, ४.२. प्रत्येक पायरीवर इशारे वाचायचे आणि ३१२ पट्ट्या ताडून बघायच्या. पीडीएफची जी लायब्ररी पायथन ३ वर कधी आलीच नाही, तिच्यातलं मी जेमतेम दोन कामांपुरतं वापरत होतो. "मग काढून टाक आणि तेवढं स्वतः लिही," म्हणालात. चाळीस ओळींत झालं.

पायथन ३ वरच्या पहिल्याच ताळ्यात दोन गोष्टी सापडल्या. पट्टीवर नावाला २० जागा होत्या, आणि जुन्या पायथनला त्या अक्षरांच्या नाही तर बाइटच्या वाटत होत्या, म्हणजे साठवणीच्या एककांच्या, आणि मराठी अक्षराला किंवा मात्रेला ती प्रत्येकी तीन लागतात. त्याच्या लेखी 'केळी' हा शब्द १२ लांबीचा, नव्याच्या लेखी मात्रा वेगळ्या धरून ४. म्हणजे इतकी वर्षं लोकांची आडनावं मधेच कापून शेवटी एक चौकोन छापला जात होता, आणि कुणी बोललं नव्हतं. इथे जुनंच चुकीचं होतं.

दुसरी गोष्ट मात्र मला एकट्याला सापडली नसती. चौदा पट्ट्यांत एक रुपया कमी, बाकी सगळ्या बरोबर. मी हमाली तपासली, तोलाई तपासली, भागाकार तपासला. तुम्ही त्या चौदांच्या रकमा वाचून दाखवायला सांगितल्यात. तिसरी वाचली आणि तुम्ही हसलात. सगळ्यांच्या शेवटी पन्नास पैसे! पायथन २ चं राउंड, म्हणजे पूर्ण रुपयात बसवणं, १८६२.५० चे १८६३ करायचं. पायथन ३ चं जवळच्या सम आकड्याला जातं, म्हणून १८६२. आणि १८६३.५० चे दोघंही १८६४ करतात, म्हणून पन्नास पैशांवर संपणाऱ्यांतल्या निम्म्या पट्ट्या गपचूप जुळत होत्या. "पैशाला फ्लोट वापरतोस का रे?" एवढंच तुम्ही म्हणालात. फ्लोट म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवायची पद्धत. त्या रात्री सगळ्या रकमा डेसिमलमध्ये, म्हणजे अचूक दशांशात, नेल्या आणि अर्धा रुपया वर न्यायचा हे कोडमध्ये स्पष्ट लिहिलं.

तो रुपया शेतकऱ्याच्या पट्टीतला होता. तसंच चालू केलं असतं, तर कुणीतरी एक दिवस काट्यावर पट्टी घेऊन आला असता आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

तुम्ही कोडची एक ओळ लिहिली नाहीत, पैसेही घेतले नाहीत. आता जँगो ५.२ चं काम काढलंय. या वेळी जबानी आधी घेतली आहे, आकडे कुठले पुसले नाहीत, त्यामुळे फोन बहुतेक करणार नाही. हिवाळ्यात बामणोदची वांगी निघाली की भरितासाठी मात्र नक्की करेन. कळण्याच्या भाकरी आई करणार आहे.

तुमचा,
फैजपूरचा भाऊ